भागिले किती?



आपल्यापैकी बहुतेकींच्या गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गुड्डा-गुड्डीचा फलक लागलेला आहे किंवा कधीतरी लागून गेला आहे. एका बाजूला मुलगा, एका बाजूला मुलगी, आणि खाली आकडे. या महिन्यात जन्मलेली मुलं इतकी, मुली इतक्या. 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' ही योजना २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपतला सुरू झाली तेव्हा देशातले जे शंभर जिल्हे पहिल्या फेरीत निवडले गेले, त्यांत महाराष्ट्रातले दहा होते आणि त्या दहांत आपला बुलडाणा होता. हा काही मानाचा नंबर नव्हता. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात ० ते ६ वयाच्या दर हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या, २०११ मध्ये त्या ८५५ झाल्या. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राचा आकडा ९१३ वरून ८९४ वर आला. म्हणजे राज्य घसरत होतं आणि आपण राज्याच्या दुपटीहून जास्त वेगाने घसरत होतो.

हा आकडा आपण मोर्च्यांत, निवेदनांत, शाळा-कॉलेजच्या भाषणांत इतक्या वेळा वापरला आहे की तो आता पाठ झाला आहे. पण पाठ झालेला आकडा आणि समजलेला आकडा यांत फरक असतो. या अंकाचं संपादकीय त्या फरकाविषयी आहे. संख्याशास्त्र म्हटलं की अंगावर काटा येणाऱ्या मैत्रिणींनी पान उलटू नये. इथे बेरीज, भागाकार आणि एक रुपयाचं नाणं, एवढ्यावरच काम भागणार आहे.

आधी फलकाचंच घेऊ. समजा एका गावात वर्षभरात वीस बाळं जन्मली, त्यांत मुली सहा आणि मुलगे चौदा. दर हजारी हिशेब केला की आकडा येतो ४२९. आढावा बैठकीत कुणी हा आकडा वाचला की गाव बदनाम. ग्रामसेवक, आशाताई, अंगणवाडीच्या ताई सगळ्यांना जाब विचारला जाणार, आणि गावातल्या ज्या बाईला तिसरी मुलगी नको म्हणून नव्हे तर खरोखरच गर्भपात झाला, तिच्याकडे संशयाने बघितलं जाणार. शेजारच्या गावात उलट झालं, मुली चौदा आणि मुलगे सहा. आकडा २३३३! त्या गावाच्या सरपंचाला शाल-श्रीफळ.

आता बचत गटाच्या बैठकीत एक खेळ करून बघा. प्रत्येकीने एकच नाणं वीस वेळा उडवायचं आणि छाप किती वेळा पडला ते मांडायचं. दहाला दहा फार थोड्याजणींना येईल. कुणाला सात, कुणाला तेरा, एखादीला सहासुद्धा. शंभरजणींनी हा खेळ केला तर साधारण पंचाण्णवजणींचा आकडा सहा ते चौदाच्या दरम्यान पडतो. नाण्यात खोट नाही, उडवणारीतही नाही. वीस ही संख्याच इतकी लहान आहे की एवढा झोका ती खाणारच. म्हणजे ४२९ चं बदनाम गाव आणि २३३३ चं सत्कार झालेलं गाव, दोन्हीकडे निव्वळ योगायोग असू शकतो. असेलच असं नाही, पण फलकावरून ते कळत नाही.

संख्या वाढली की झोका कमी होतो, मात्र आपल्याला वाटतं तितक्या भराभर नाही. जन्म चौपट झाले की झोका निम्मा होतो, असा हा नियम आहे. निसर्गतः दर १०५ मुलग्यांमागे १०० मुली जन्मतात असं धरू, म्हणजे हजारी सुमारे ९५२. सपाटीवरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली साधारण तीस हजार लोकवस्ती धरली जाते. तिथे वर्षाला पाचशे जन्म झाले असं समजा. कुणीही काहीही गैर केलं नाही तरी त्या केंद्राचा वर्षाचा आकडा ८०० पासून ११३० पर्यंत कुठेही पडू शकतो. म्हणून 'गेल्या वर्षी ८७०, यंदा ९४०, आमच्या मोहिमेला यश' हे वाक्य ऐकताना टाळ्या जरा हळू वाजवायच्या. आणि 'गेल्या वर्षी ९४०, यंदा ८७०' म्हणून कुणा आशाताईला नोटीस निघाली तर तिच्या बाजूने उभं राहायचं.

मग आकड्यांवर विश्वासच ठेवायचा नाही का? असं म्हणणारे लोक आपल्याला भेटतात, आणि बहुधा ते सोनोग्राफी सेंटरच्या आसपासचे असतात. 'मॅडम, हा सगळा योगायोग आहे, निसर्ग आहे.' त्यांना उत्तर द्यायला हाच नियम उपयोगी पडतो. जिल्ह्यात वर्षाला चाळीस हजार जन्म धरले तर योगायोगाचा झोका ९३३ ते ९७२ एवढाच उरतो. २०११ ची मोजणी तर एका वर्षाच्या जन्मांची नव्हती, सहा वर्षांपर्यंतच्या तीन लाखांहून अधिक मुलांची होती. एवढ्या मोठ्या संख्येत ८५५ हा आकडा योगायोगाने येऊच शकत नाही. तीन लाख मुलं धरली आणि ९५० हा आकडा योग्य मानला, तरी पंधरा हजारांहून जास्त मुली कमी भरतात. त्यातल्या काही जन्माआधी गेल्या, काही जन्मल्यानंतर दूध, औषध, दवाखाना यांच्या वाटपात मागे राहून गेल्या. हे कुणाच्या नशिबाने झालेलं नाही. जे गावच्या फलकावरून सिद्ध होत नाही ते जिल्ह्याच्या बेरजेवरून होतं.

निसर्गाचा दावा खोडून काढणारा आणखी एक पुरावा आहे, आणि तो तुलनेचा आहे. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतल्या जन्मांच्या नोंदी घेऊन त्यांनी दुसऱ्या बाळंतपणाकडे पाहिलं. ज्या घरात पहिली मुलगी होती, तिथे दुसऱ्या खेपेला दर हजार मुलग्यांमागे १९९० मध्ये ९०६ मुली जन्मत होत्या, २००५ मध्ये ८३६. ज्या घरात पहिला मुलगा होता, तिथे अशी घसरण दिसली नाही. आता सांगा, कुठल्या आईच्या पोटाला माहीत असतं की अंगणात आधीच एक मुलगी खेळते आहे? हवा, पाणी, अन्न, बियाणं, सगळं दोन्ही घरांत सारखंच. फरक एकच, आणि तो सोनोग्राफीच्या खोलीत जाऊन केलेला. घसरण शिकलेल्या आणि बऱ्या परिस्थितीतल्या घरांत जास्त होती, हेही त्याच अभ्यासात आहे. 'अडाणी बायाच मुली मारतात' असं व्यासपीठावरून सांगणाऱ्या पांढरपेशा मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

दोन गोष्टी एकाच मापाने मापून शेजारी शेजारी ठेवायच्या, ही रीत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. ताराबाई शिंदे बुलडाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून १८८१ साली वर्तमानपत्रांतून जी बाईजातीची निंदा चालली होती, तिच्या संतापातून त्यांनी लिहिलेलं पुस्तक १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं, आणि त्याच्या नावातच 'तुलना' आहे. बाईचा म्हणून जो दोष सांगता तो पुरुषाच्या पारड्यात घालून बघा, एवढंच त्यांचं मागणं होतं. आकडेशास्त्राची मूळ अटही तीच.

घरातली गोष्ट काढल्यावर आणखी एक हिशेब सांगून टाकते, कारण त्याच्यापायी कितीतरी संसार मोडले आहेत. तीन मुली झाल्या की सासू म्हणते, आता चौथा मुलगाच होणार, तीन झाल्या ना! आणि चौथीही मुलगी झाली की म्हणते, हिच्या पोटी मुलीच लिहिल्यात, पोराचं दुसरं लग्न लावा. दोन्ही वाक्यं एकमेकींच्या विरुद्ध आहेत आणि दोन्ही चूक आहेत. चार-चार लेकरांची हजार घरं घेतली तर निव्वळ योगायोगाने पंचावन्न-साठ घरांत चारही मुली असतात. तितक्याच, किंबहुना थोड्या जास्त घरांत चारही मुलगे असतात. त्या बाईची मात्र कुणी चौकशी करत नाही. चौथ्या खेपेला नाण्याला आठवत नसतं की आधी तीनदा काय पडलं. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, हे आपण शिबिरातून सांगत आलोच आहोत. पण त्याचा अर्थ दोष उचलून बापाच्या माथी मारायचा असा नाही. दोष मुळात कुणाचाच नाही, कारण मुलगी होणं हा दोष नाही.

आता सरासरीकडे वळू.

२०१९ मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीने देशभर एक वेळेची पाहणी केली: सहा वर्षांवरच्या माणसाचे दिवसाचे चोवीस तास कशात जातात? घरच्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करण्यात बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असा आकडा बाहेर आला. वर्तमानपत्रांनी तो छापला. आपल्यापैकी काहीजणींना तो वाचून हसू आलं असेल. दीड तासाहून जास्त? कुणाचे हे पुरुष, कुठल्या गावचे?

हसू आलं ते बरोबरच होतं. ही सरासरी सगळ्या पुरुषांची नाही. त्या दिवशी ज्यांनी घरकामाला हात लावला, फक्त त्यांचीच आहे. असे पुरुष शंभरात २६ निघाले. उरलेल्या चौऱ्याहत्तरांचं शून्य भागाकारात धरलंच नव्हतं. बायांमध्ये हात लावणाऱ्या शंभरात ८१ होत्या. सगळ्यांना भागाकारात घेतलं की बायांचा आकडा होतो सुमारे २४३ मिनिटं आणि पुरुषांचा २५. एका मापाने बाई पुरुषाच्या तिप्पट राबते, दुसऱ्या मापाने जवळजवळ दहापट. पाहणी करणाऱ्यांनी काही लपवलं नव्हतं, दोन्ही तक्ते अहवालात आहेत. बातमीत कुठला उचलला जातो, एवढाच प्रश्न. म्हणून कुणीही सरासरी सांगितली की आपण विचारायचं: भागिले किती? आणि त्या 'किती'मध्ये कोण कोण धरलं आहे?

गटाच्या कर्जाला हाच प्रश्न विचारून बघा. गावात येणारा कर्जवाला सांगतो, 'ताई, तुमचा गट शेकडा दोनने देतो, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. आम्ही बारा टक्क्यांनी देतो.' निम्म्याने स्वस्त! दहा हजारांचं कर्ज घेऊ. त्याचं व्याज दहा हजारांवर बारा टक्के, बाराशे रुपये. अकरा हजार दोनशे भागिले बारा, महिन्याचा हप्ता ९३३. गटाचं व्याज उरलेल्या रकमेवर असतं. दर महिन्याला मुद्दल सारखं फेडत गेलं तर पहिल्या महिन्यात व्याज २००, दुसऱ्यात १८३, असं उतरत उतरत शेवटच्या महिन्यात १७. वर्षाची बेरीज तेराशे. म्हणजे 'चोवीस टक्के' आणि 'बारा टक्के' यांत फरक पडला शंभर रुपयांचा, आणि गटाचे तेराशे आपल्याच पेटीत राहिले.

हे कसं झालं? वर्षभर आपल्या हातात दहा हजार नसतातच. पहिल्या महिन्यात असतात, मग हप्त्याहप्त्याने परत जातात. बारा महिन्यांत आपल्याकडे सरासरीने ५,४१७ रुपये असतात. बाराशे भागिले ५,४१७ करा, बावीस टक्क्यांच्या घरात उत्तर येतं. कर्जवाल्याने भागाकार दहा हजारांनी केला, आपण हातात खरोखर असलेल्या पैशाने केला. त्यात कर्ज देतानाच कापलेली फी आणि विमा धरला की आकडा आणखी चढतो. रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०२२ पासून असा आहे की अशा लहान कर्जासाठी सोप्या भाषेतला माहितीचा कागद द्यायचा आणि त्यावर सगळा खर्च धरून वार्षिक व्याजदर लिहायचा. तो कागद मागा. अंगठा किंवा सही त्यानंतर.

गटाच्या धंद्यातही सरासरी फसवते. समजा अकराजणींच्या गटात दहाजणी महिन्याला दोन-दोन हजार कमावतात आणि अकरावीची पिठाची गिरणी आहे, ती चोवीस हजार कमावते. सरासरी निघते चार हजार. या गटात चार हजार कमावणारी एकही बाई नाही! सगळ्यांना कमाईच्या क्रमाने रांगेत उभं केलं आणि मधल्या, म्हणजे सहाव्या बाईला विचारलं तर ती दोन हजार सांगेल. प्रकल्पाच्या अहवालात चार हजार जातात. आपल्या गटाच्या वहीत मधल्या बाईचा आकडा लिहून ठेवावा, पुढच्या वर्षी तो हलला का ते बघावं.

शेतीचं सांगायलाच हवं. पीकविम्याची भरपाई आपल्या वावराकडे पाहून ठरत नाही, महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावरून ठरते. मंडळातले काही प्लॉट निवडून कापणी-प्रयोग करतात, त्यावरून सरासरी काढतात आणि मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून ठरवलेल्या पातळीशी ती ताडून पाहतात. नाल्याकाठचं सोयाबीन सडलं आणि बरड्यावरचं बरं निघालं तर मंडळ 'सरासरीत' बसतं आणि नाल्याकाठच्या घरात शून्य येतं. प्रत्येक वावर मोजणं शक्य नाही, हे मान्य. पण मग कापणी-प्रयोगाचे प्लॉट कुठे पडले हे गावाला कळलं पाहिजे. प्रयोग होतो तेव्हा बायांनी तिथे हजर राहावं. सोंगणी आपणच करतो, दाणा किती निघाला हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

आणि ज्या मोजल्याच जात नाहीत त्यांचं काय? निंदण, वेचणी, सोंगणी, जनावरांचं शेण-पाणी करणारी बाई सात-बारावर नाही, म्हणून ती कागदोपत्री शेतकरी नाही. २००६ मध्ये शेतकरी-आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचं जे पॅकेज आलं त्यातल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत बुलडाणा होता. त्या काळात पात्र-अपात्रतेचे रकाने आपण पाहिले आहेत. नावावर जमीन नसलेल्या बाईने विष घेतलं तर ती कुठल्या रकान्यात जाते? गुन्हे-नोंदीच्या तक्त्यांत 'गृहिणी' हा वेगळा रकाना आहे. एकदा तिथे गेली की शेतीच्या संकटाच्या बेरजेतून ती वजा झाली. भागाकार पुढची गोष्ट. बेरजेतच नाही ती सरासरीत कुठून येणार?

रकाना बदलता येतो, याचा दाखला मात्र आहे. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नामध्ये 'शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेल्या कामासह' असे शब्द घालण्यात आले. स्त्री-संघटनांनी आणि अभ्यासकांनी त्यासाठी आधी बरीच वर्षं घसा कोरडा केला होता. पण छापील प्रश्नात शब्द आले तरी दारात उत्तर कोण देतं? बहुतेक ठिकाणी घरचा पुरुष. प्रगणक विचारतो, 'बाई काय करते?' तो म्हणतो, 'काही नाही, घरीच असते.' आणि ज्या बाईने काल दिवसभर कापूस वेचला ती बिनकामाची ठरते.

२०२१ मध्ये व्हायची ती जनगणना झालीच नाही. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख जाहीर झाली आहे. सोळा वर्षांनी हे दार वाजणार आहे, आणि ८५५ चं पुढे काय झालं हेही तेव्हाच पक्कं कळेल. तोवर फलकांचे महिन्याचे आकडे जपून वापरावे लागतील. त्यासाठी ग्रामसभेत एक मागणी करता येईल: फलकावर महिन्याच्या आकड्याखाली गेल्या पाच वर्षांची बेरीज लिहा, आणि तालुक्याची बेरीज शेजारी. खर्च काही नाही, थोडा रंग आणि रजिस्टरची पानं.

जनगणनेसाठी प्रत्येक गटाने आपल्या गल्लीतल्या बायांना आधीच गाठावं. गेल्या वर्षभरात कोणकोणतं काम केलं, किती महिने, कुणाच्या शेतावर, हे बोलून ठेवावं. ज्यांचे नवरे उत्तर देणार आहेत त्यांनाही बैठकीला बोलवावं. प्रगणक आले की बाईने स्वतः पुढे येऊन सांगावं, आणि त्यांनी काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगावं.